शेगडी घराची, मिक्सर आपला

अमेरिकेत भाड्याचं घर घेतलं की शेगडी, ओव्हन आणि फ्रिज बहुधा घराबरोबर येतात. घर सोडताना ते तिथंच ठेवून निघायचं असतं. मराठी कुटुंब मात्र इथं येताना चादरीत गुंडाळून ११० व्होल्टचा मिक्सर घेऊन येतं. ओलं खोबरं, हिरवी मिरची, भिजवलेली डाळ वाटायचं काम आपल्या स्वयंपाकात रोजचं, आणि इथल्या साध्या ब्लेंडरमध्ये ते नीट होत नाही. वाटण भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि पातं मध्येच रिकामं फिरत राहतं. शेगडी मात्र कुणी भारतातून आणत नाही. जी आहे तिच्यावर पुरणसुद्धा शिजतं.

संगणकावर संगीत करणाऱ्या प्रत्येकापुढं आज ना उद्या हाच प्रश्न येतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ट्रॅक मुद्रित करतो, जुळवतो, मिसळतो, त्या लॉजिक, एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओबरोबर काही सिंथेसायझर आयतेच येतात. त्यांना मी घरचे सिंथ म्हणतो. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले, वेगळे विकत घेऊन जोडायचे ते बाहेरचे. घरच्यांवर भागवायचं की बाहेरचे आणायचे?

हा प्रश्न मला अलीकडं विचारला तो न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या एका मुलानं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती, शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं. हा मुलगा इथंच जन्मलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, नृत्यनाटिकेचं पार्श्वसंगीत त्याच्याकडं. मध्यंतरात तो लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. ‘काका, मला सिरम घ्यायचंय. लॉजिकमधले सिंथ अगदीच बेसिक आहेत ना?’ मी विचारलं, ‘त्यातले कुठले कुठले उघडून बघितलेस?’ त्यानं अल्केमी उघडलं होतं, वीस-पंचवीस प्रीसेट, म्हणजे आयते आवाज, वाजवून बघितले होते आणि बंद केलं होतं. उन्हाळ्यात नोकरी करून साठवलेले पैसे होते. सिरम हा बाहेरचा सिंथ, आणि त्याची किंमत अख्ख्या लॉजिकच्या किमतीच्याच घरातली.

त्याला मी तिथल्या तिथं जे सांगितलं ते घाईतलं होतं. इथं सावकाश सांगतो. घरचे सिंथ आधी पुरते ओळखून घ्यावेत. बाहेरून आणायचा तर मिक्सरच आणावा, म्हणजे आपल्या संगीताला जे काम रोज लागतं आणि घरच्या कशानंच होत नाही, त्यासाठी आणावा. दुसरी शेगडी आणू नये.

‘घरचं ते साधं, बाहेरचं ते खरं’ ही समजूत कुठून आली असावी, याचा मी बराच विचार केलाय. तिला एके काळी आधार होता. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९६ साली व्हीएसटी नावाची जोडणीची पद्धत आणली आणि १९९९मध्ये तिच्यात वाद्यं जोडायची सोय केली. त्या सोयीबरोबर दिलेलं निऑन हे वाद्य फार साधं होतं. त्या काळात घरचं वाद्य म्हणजे दुकानदारानं मोफत दिलेला नमुनाच असायचा. पण त्याला आता पाव शतक उलटलं. मधल्या काळात घरच्या आणि बाहेरच्यांतली भिंत कितीदा पडली, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

अल्केमीचंच बघा. माझ्या तरुण मित्रानं ज्याला ‘बेसिक’ म्हटलं, ते २०१५ सालापर्यंत बाहेरचंच होतं. कॅमल ऑडिओ नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीनं ते बनवलं होतं आणि लोक खिशातले पैसे मोजून ते घेत होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला कॅमल ऑडिओनं एकाएकी विक्री थांबवली. कंपनी ॲपलनं घेतल्याचं नंतर कळलं, आणि त्याच वर्षी लॉजिकच्या १०.२ या आवृत्तीत अल्केमी घरचं होऊन बसलं. काल ज्याची हाव होती ते आज फुकट मिळालं, आणि फुकट मिळाल्याबरोबर त्याची किंमत उतरली. सूर तेच, आत चालणारं गणितही बहुतेक तेच. बदलला तो आपला कान. आपल्याकडं उसाच्या गुऱ्हाळाशेजारी राहणाऱ्याला गूळ गोड लागत नाही, तसंच हे.

आत चालणाऱ्या गणिताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचा उगम माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथं बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्यानं १९५७ साली संगणकाकडून ध्वनीची लहर थेट आकड्यांतून घडवून घेणारा पहिला प्रोग्राम लिहिला. नाव साधंच, म्युझिक. तो आयबीएम ७०४ या यंत्रावर चालायचा, आणि त्यावर वाजलेली पहिली रचना सतरा सेकंदांची होती. मॅथ्यूजचं खरं देणं मात्र त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरचं. त्यानं आवाज बनवण्याचं काम लहान लहान ठोकळ्यांत वाटलं. एक ठोकळा लहर निर्माण करणारा, एक तिचा जोर कमीजास्त करणारा, एक गाळणारा. हे ठोकळे हवे तसे एकमेकांना जोडायचे आणि आपलं वाद्य आपण बांधायचं. रॉबर्ट मूग १९६४ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या खेड्यात तारा आणि ट्रान्झिस्टर घेऊन जे करत होता, तेही याच चालीनं जाणारं होतं. आजचा जवळजवळ कुठलाही सिंथ उघडा, घरचा असो की बाहेरचा, आत हेच ठोकळे आहेत. ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप. एकावर ते शिकलं की दुसऱ्यावर हात आपोआप चालतो. पेटी शिकलेल्याला दुसऱ्या कारखान्याची पेटी पुन्हा शिकावी लागत नाही.

म्हणून घरच्या सिंथवर घालवलेला वेळ वाया जात नाही. उलट बाहेरचा सिंथ येतो तो प्रीसेटांचा डोंगर घेऊन. तो डोंगर चढता चढता संध्याकाळ संपते आणि एकही ठोकळा आपण हलवलेला नसतो. मी हे सांगतो ते स्वतः अशा अनेक संध्याकाळी घालवून.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. मिक्सर कशाला म्हणायचं? आपल्या संगीताला रोज लागणारं पण इथल्या घराबरोबर न येणारं असं काय आहे? माझ्यापुरती उत्तरं दोन होती: तानपुऱ्याची आस आणि गंधाराची जागा.

तानपुऱ्यासाठी मी वर्षानुवर्षं बाहेर बघत राहिलो. मुद्रित केलेले तानपुरे खूप मिळतात, ॲपं मिळतात, ती उत्तमही आहेत. पण मला तानपुऱ्यासारखा वागणारा सिंथ हवा होता, ज्याला गाण्याच्या ओघात वाकवता येईल, विरघळवता येईल, ज्याची तार मध्येच काचेची करता येईल. एके दिवशी तो सापडला तो लॉजिकच्या आतच. स्कल्प्चर नावाचं वाद्य, २००४च्या आवृत्तीपासून तिथं पडून आहे. दिसायला जुनाट, शिकवणारे व्हिडिओ मोजकेच, म्हणून कुणी उघडत नाही. हे वाद्य ध्वनीच्या लहरी साठवत नाही. ते एक तार कल्पितं. तार नायलॉनची की पोलादाची की लाकडाची की काचेची हे तुम्ही ठरवायचं. ती कुठं छेडायची, कुठून ऐकायची हेही तुम्हीच ठरवायचं. आणि त्या तारेला तुम्ही वस्तू टेकवू शकता. त्यातली एक वस्तू अशी आहे की ती तारेवर सैल ठेवल्यासारखी पडून राहते आणि तार कंप पावली की तिच्यावर उसळते.

हे वाचून मिरजेच्या माणसाला काय आठवेल ते मी सांगायला नको. घोडीवर तार अलगद टेकलेली, तिच्याखाली सुताचा धागा, तो केसभर पुढंमागं केला की आवाज उघडतो. जवारी! मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्यांनी कानसेनं घासून घासून जी कला जपली, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं मर्म एवढंच आहे की तार घोडीवर एका बिंदूत थांबत नाही, ती वाकड्या पृष्ठभागावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या लेखात हेच दाखवलं होतं. एरवी तार ज्या जागी छेडली तिथं ज्या स्वरांशाचा, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वराचा, स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश वाजू नये असा नियम. तानपुरा आणि वीणा तो नियम मोडतात, कारण घोडी कंपनाची ताकद एका स्वरांशातून दुसऱ्यात वाटत राहते. म्हणून एकाच तारेतून अख्खं कुटुंब बोलतं.

अशी कल्पित तार गणितात बांधायची रीत अमेरिकेतलीच आहे. स्टॅनफर्डमध्ये केव्हिन कार्पलस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली छेडलेल्या तारेचं एक अतिशय सोपं गणित प्रसिद्ध केलं. एक छोटासा खडखडाट घ्यायचा, तो गोल गोल फिरवत राहायचा आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा मऊ करायचा. एवढ्यानं तार वाजते. त्याच विद्यापीठात ज्युलियस स्मिथ यांनी ती कल्पना पुढं नेली. ज्यानं स्कल्प्चर बनवलं त्याच्या डोळ्यांपुढं मिरज होती असं मी म्हणत नाही. पण त्यानं तारेवर सैल वस्तू ठेवायची सोय केली, आणि तेवढ्यानं माझ्या गावच्या पुढचं गाव माझ्या लॅपटॉपमध्ये आलं. असली वाद्यं मी बाहेर किती शोधली होती! जो मिक्सर मी बाहेर शोधत होतो तो घराच्याच फडताळात, वरच्या कप्प्यात, मागं होता.

गंधाराचंही तसंच झालं. इथली सगळी की-बोर्ड वाद्यं सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. प्रत्येक भाग शंभर सेंटचा, म्हणून शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो मात्र ३८६ सेंटवर असतो. हे चौदा सेंटचं अंतर कानाला काट्यासारखं बोचतं. पेटीवर आकाशवाणीनं १९४०च्या सुमारास बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली, त्यामागं हेही एक कारण होतं. मी समजत होतो की यासाठी खास सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल. लॉजिकच्या सेटिंगमध्ये एक पान आहे, तिथं बाराही स्वर सेंटसेंटनं खालीवर करता येतात आणि षड्ज कुठला तेही सांगता येतं. काळी एकला षड्ज धरा, गंधार चौदानं उतरवा, धैवत सोळानं, निषाद बारानं. घरचे सिंथ ते पाळतात. गंमत अशी की बाहेरून आणलेले पुष्कळ सिंथ ते पाळत नाहीत, त्यांना वेगळं शिकवावं लागतं. एबलटननंही २०२४च्या लाइव्ह १२मध्ये स्वरपद्धती बदलायची सोय घरातच दिली. इथं घरचं सरस ठरतं, आणि ठरण्याचं कारण सरळ आहे. जो घराचा मालक, त्याचा एक नियम सगळ्या खोल्यांत लागू होतो.

पण मालकाची हीच ताकद मला घाबरवतेही, आणि माझ्या मताविरुद्ध जाणारी सगळ्यांत मोठी गोष्ट इथं आहे. लॉजिक हे मुळात जर्मनीतल्या ईमॅजिक कंपनीचं. २००२च्या जुलैत ॲपलनं ती कंपनी घेतली आणि सप्टेंबरअखेर विंडोजवरचं लॉजिक बंद झालं. ज्यांचं सगळं काम विंडोजवर होतं, त्यांच्या पायाखालची फरशी तीन महिन्यांत निघाली. बॉस्टनच्या केकवॉक या संगीत-सॉफ्टवेअरच्या कंपनीचीही कथा अशीच. तिची मालक असलेल्या नॅशव्हिलच्या गिब्सननं, म्हणजे गिटार बनवणाऱ्यानं, २०१७च्या नोव्हेंबरात तिचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबनं ते सॉफ्टवेअर घेऊन जगवलं हे खरं, पण त्याबरोबर येणारी काही जुनी वाद्यं त्या स्थलांतरात मागं राहिली. घर विकलं गेलं की शेगडीचं काय करायचं ते नवा मालक ठरवतो. आज आयपॅडवरचं लॉजिक घ्यायचं तर महिन्याचं नाहीतर वर्षाचं भाडंच भरावं लागतं, तिथं एकरकमी खरेदीची वाटच नाही.

मग बाहेरचं सुरक्षित का? तेही नाही. ॲपलनं २०१९मध्ये कॅटालिना ही प्रणाली आणली आणि ३२ बिटांची सगळी सॉफ्टवेअरं एका रात्रीत मुकी झाली. ज्या छोट्या कंपन्यांना पुन्हा लिहायला माणसं नव्हती, त्यांची वाद्यं तिथंच संपली. वेव्हज या मोठ्या कंपनीनं २०२३च्या मार्चअखेर जाहीर केलं की यापुढं आमची प्लगइन फक्त भाड्यानं मिळतील. लोक इतके खवळले की काही दिवसांत कंपनीला एकरकमी विक्री परत सुरू करावी लागली. त्या आठवड्यात मी माझ्या खरेदीची यादी काढून बसलो होतो. यातलं माझं नक्की काय आहे?

एक स्वतःची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं पुरं होणार नाही. वडील शेवटचे अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्या आवाजात मी एक अभंग मुद्रित केला. स्वयंपाकघरात, साध्या मायक्रोफोनवर. मागं बाहेरच्या एका सिंथचा मंद स्वर ठेवला होता, त्यावर मी आठवडाभर खपलो होतो. वडिलांचा श्वास जिथं संपतो तिथं तो स्वर हळूच वर यायचा. काही वर्षांनी संगणक बदलला. त्या सिंथच्या कंपनीनं दुकान गुंडाळलं होतं, परवाना तपासणारं त्यांचं यंत्र बंद पडलं होतं. फाइल उघडली तर वडिलांचा आवाज आला, कारण तो ध्वनी म्हणून साठवलेला होता. मागचा स्वर आला नाही. त्याच्या जागी एक राखाडी चौकट आणि त्यात वाद्य सापडत नसल्याची सूचना. वडील आता नाहीत. त्यांचा अभंग माझ्याकडं आहे, पण तो जसा आम्ही दोघांनी मिळून ऐकला होता तसा नाही.

तेव्हापासून एक नेम आहे, आणि घरचं-बाहेरचं या वादात पडण्याआधी प्रत्येकानं तो पाळावा असं मला कळकळीनं वाटतं. काम पुरं झालं की प्रत्येक सिंथचा ट्रॅक वेगळा, साध्या वेव्ह फाइलमध्ये मुद्रित करून ठेवायचा. सिंथच्या ट्रॅकमध्ये आवाज नसतोच. तिथं फक्त ‘हा स्वर, एवढा वेळ, एवढ्या जोरानं’ अशा सूचना असतात. वाजवणारा गेला की उरतं ते नोटेशन. आवाज ठेवायचा तर आवाजच ठेवावा लागतो.

सिरमच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर त्या मुलावर अन्याय होईल. लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह ड्यूडा यांनी २०१४ साली ते आणलं तेव्हा त्यानं खरोखर काहीतरी बदललं. त्यात लहर डोळ्यांना दिसते. चकती फिरवली की रेषा कशी वाकते ते समोर दिसतं, एका नियंत्रणाला दुसऱ्यावर नुसतं ओढून टाकलं की ते जोडलं जातं. ध्वनी म्हणजे काय हे कळायला एवढा चांगला फळा मी दुसरा पाहिला नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक संगीताचं इथलं शिक्षण बरंचसं त्याच भाषेत चालतं. शिकवणारा सिरमवर शिकवतो, म्हणून शिकणारा सिरम घेतो. ज्याला त्याच घराण्याचं संगीत करायचंय त्यानं ते जरूर घ्यावं. कंपनीची नियतही चांगली. २०२५मध्ये दुसरी आवृत्ती आली ती जुन्या ग्राहकांना मोफत दिली. पण फळाच हवा असेल तर मॅट टायटेल यांचं व्हायटल २०२० पासून फुकट मिळतं, तिथंही लहर दिसते, आणि त्यात स्वरपद्धतीची फाइलही घालता येते. पैसे खर्चण्याआधी एक महिना त्यावर बसावं.

माझ्याकडं आज बाहेरचा एकच सिंथ रोज चालतो, आणि तो मी आवाजासाठी घेतला नाही. पुण्यातला माझा एक मित्र आणि मी मिळून गाणी करतो. तो विंडोजवर, एफएल स्टुडिओत. मी मॅकवर, लॉजिकमध्ये. मी रात्री जेवून फाइल पाठवतो तेव्हा त्याच्याकडं सकाळचा चहा चालू असतो. माझं स्कल्प्चर त्याच्याकडं उघडत नाही आणि त्याचे घरचे सिंथ माझ्याकडं. सुरुवातीला आम्ही आवाज मुद्रित करून पाठवायचो, पण मग ‘हा फिल्टर थोडा उघड’ एवढं सांगायला दोन दिवस जायचे. शेवटी दोघांनीही सर्ज एक्सटी घेतलं. हे एके काळी विकत मिळायचं. बनवणाऱ्या क्लास योहान्सन यांनी २०१८ साली त्याचा अख्खा कोड खुला करून टाकला, आणि आता जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात. मॅक, विंडोज, लिनक्स, सगळीकडं चालतं. कुठल्या कंपनीनं दुकान बंद केलं म्हणून ते मरणार नाही, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. आमच्या मैत्रीचा तो मिक्सर. एकट्यानं काम करणाऱ्याला घरचं पुरतं, पण दोघांना एका ताटात जेवायचं तर दोघांच्याही घरात असलेलं भांडं लागतं. बाहेरच्या सिंथच्या बाजूनं मला पटलेला सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि विकणारे तो क्वचितच मांडतात.

‘घरचे आवाज वापरले तर सगळ्यांसारखंच वाजेल’ ही भीती मात्र मला पटत नाही. रिहानाचं ‘अम्ब्रेला’ २००७ साली जगभर वाजलं. त्याचा ठेका म्हणजे ॲपलच्या गॅरेजबँडबरोबर येणारी ‘व्हिंटेज फंक किट ०३’ ही आयती फाइल. ती तेव्हा लाखो संगणकांवर होती, गाणं एकच झालं. याहून मोठा दाखला आपल्या मुंबईचा. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमातले वादक. त्यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून बनवलेलं, आणि त्या कामात ते फसलं. त्यात एक सोय होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. चरणजितजींना त्यात मींड ऐकू आली. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्याही आधीचा तो आवाज ऐकून पश्चिमेचे लोक थक्क झाले. त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत भैरव नव्हता. तो चरणजितजींच्या कानात होता.

आपला कान आधी काय मागतो हे ऐकायचं, एवढीच माझी विनंती आहे. अजय-अतुल यांना ‘सैराट’साठी खऱ्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा भरणा हवा होता, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर आले. तिथं तडजोड नको होती. आणि तुमच्या कानाला अजून नेमकं काय हवं ते सांगता येत नसेल, तर दुकानही ते सांगू शकणार नाही.

त्या मुलानं सिरम घेतलं नाही. घेणारच नाही असंही नाही. पुढच्या रविवारच्या तालमीला तो आला तेव्हा त्यानं स्कल्प्चरमध्ये तानपुरा बांधून आणला होता. पोलादी तार, त्यावर उसळणारी वस्तू, प-सा-सा-सा. सभागृहाच्या स्पीकरवर त्यानं तो लावला. त्याची आजी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली, मागच्या ओळीत बसली होती. त्या तरुणपणी गाणं शिकलेल्या. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, ‘छान आहे रे, पण खर्जातून गंधार बोलत नाहीये.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तारेचा ताठरपणा कमी करायला सांगितला, कारण ताठ तारेचे स्वरांश वर सरकतात आणि मग गंधार जागेवर उमटत नाही. आजी म्हणाल्या, ‘दोरा जरा पुढं घे.’ दोरा म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी हवेत बोटांनी घोडी दाखवली, तार दाखवली, तिच्याखालून सूत सरकवून दाखवलं. मुलानं पडद्यावरची ती वस्तू माउसनं पकडली आणि तारेच्या टोकाकडं ढकलायला लागला, एक टक्का, मग अर्धा. आजींनी डोळे मिटून हात वर धरला होता, थांब म्हणायला.